व्होल्टेस फाइव्ह : एका पिढीने न पाहिलेले भाग

२७ ऑगस्ट १९७९. फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी एक आदेश काढला. देशात लष्करी कायदा लागू होऊन तोवर सात वर्षे होत आली होती आणि आदेशांची लोकांना सवय झाली होती. वर्तमानपत्रे बंद करण्याचे आदेश निघाले होते, माणसे उचलण्याचे निघाले होते, कंपन्या ताब्यात घेण्याचे निघाले होते. या वेळचा आदेश मात्र लहान मुलांच्या कार्यक्रमांविरुद्ध होता. 'व्होल्टेस फाइव्ह' ही जपानी विज्ञानकथामालिका आणि तिच्यासारख्या इतर यंत्रमानवांच्या मालिका दूरचित्रवाणीवरून तत्काळ बंद कराव्यात, असे त्यात म्हटले होते.

मालिकेचे अखेरचे चार-पाच भाग तेवढे उरले होते. वर्षभराहून अधिक काळ दर शुक्रवारी संध्याकाळी पडद्यासमोर बसणाऱ्या मुलांना गोष्टीचा शेवट कळलाच नाही.

या घटनेला आता चाळीस-पंचेचाळीस वर्षे झाली. तेव्हाची मुले आज पन्नाशीत आहेत. फिलिपिन्समध्ये त्यांना 'व्होल्टेस फाइव्हची पिढी' असे नाव पडले आहे. 'व्होल्ट इन' हा पाच यंत्रांनी एकत्र जुळताना दिला जाणारा पुकारा तिथल्या रोजच्या बोलण्यात 'सगळे एकत्र या' अशा अर्थाने रुळला आहे. मालिकेचे जपानी शीर्षकगीत ही माणसे आजही अर्थ न कळता, उच्चारांवरून पाठ म्हणतात. आणि त्या बंदीबद्दल जवळजवळ प्रत्येक जण एक गोष्ट सांगतो. ती अशी : शेवटच्या भागांत गुलाम सम्राटाविरुद्ध उठाव करतात, ते पाहून फिलिपिनो मुलांच्या डोक्यात बंडाचे वारे शिरेल, या भीतीने मार्कोसने मालिका बंद केली.

गोष्ट ऐकायला फार सुरेख आहे. ती कितपत खरी आहे, आणि ती खरी वाटण्याची इतकी गरज या पिढीला का भासली असावी, हे पाहण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

पाच यंत्रे, तीन भाऊ, एक साम्राज्य

आधी मालिकेविषयी. 'चोदेंजी मशीन व्होल्टेस फाइव्ह' जपानमध्ये ४ जून १९७७ रोजी टीव्ही आसाहीवर सुरू झाली आणि २५ मार्च १९७८ रोजी संपली. एकूण भाग चाळीस. निर्मिती तोएई कंपनीची, दिग्दर्शक तादाओ नागाहामा. आदल्या वर्षीच्या 'कॉम्बॅट्लर व्ही' आणि पुढल्या वर्षीच्या 'डायमोस' या मालिकाही नागाहामांच्याच. तिन्ही मिळून एक त्रयी मानली जाते.

त्या काळातल्या अशा मालिकांमागचे अर्थकारण समजून घेतले पाहिजे. मालिकांचा खर्च बऱ्याच अंशी खेळण्यांच्या कंपन्या उचलत. पडद्यावर जो यंत्रमानव दिसेल त्याचे धातूचे आणि प्लास्टिकचे खेळणे दुकानात विकले जाई. पाच वेगवेगळी वाहने जुळून एक मोठा यंत्रमानव तयार होतो, ही कल्पना खेळण्यांच्या दुकानाला अतिशय सोयीची. एका खेळण्याऐवजी पाच विकत घ्यावी लागतात आणि सगळी जमवल्याशिवाय मुलाला चैन पडत नाही. तेव्हा व्होल्टेस फाइव्हच्या मुळाशी कुठलेही क्रांतिकारक धोरण नव्हते. मुळाशी खेळण्यांची विक्री होती.

परंतु नागाहामा हे निव्वळ खेळणी विकणारे दिग्दर्शक नव्हते. ते बाहुलीनाट्याच्या परंपरेतून आले होते. 'क्योजिन नो होशी' या बेसबॉलवरच्या मालिकेत त्यांनी बाप आणि मुलगा यांच्यातला कठोर, रडवणारा संघर्ष रंगवला होता. यंत्रमानवांच्या मालिकेतही त्यांनी तेच केले. दर आठवड्याला नवा राक्षस यावा आणि तो मारला जावा, हा साचा त्यांनी मोडला नाही; पण त्याच्या आत एक कौटुंबिक नाटक बसवले.

ते असे. बोआझान नावाच्या ग्रहावर ज्यांच्या डोक्यावर शिंगे असतात ते सरदार, आणि शिंगे नसलेले जन्मतः गुलाम. राजघराण्यात शिंगांविना एक मुलगा जन्मतो. खोटी शिंगे लावून त्याचे गुपित राखले जाते. ते फुटते तेव्हा दुसराच एक जण सिंहासन बळकावतो आणि या राजपुत्राला गुलामांमध्ये ढकलले जाते. तो तिथून निसटून पृथ्वीवर येतो, एका जपानी शास्त्रज्ञ स्त्रीशी लग्न करतो आणि त्याला तीन मुलगे होतात. बोआझानची फौज पृथ्वीवर येणार हे ओळखून नवरा-बायको व्होल्टेस फाइव्हची तयारी करतात. पुढे बाप नाहीसा होतो. आई सुरुवातीच्याच भागांत मुलांना वाचवण्यासाठी आपल्या विमानासह शत्रूवर आदळून मरते. तीन भाऊ आणि त्यांचे दोन साथी पाच वाहने चालवतात, ती जोडतात आणि लढतात. ज्या तरुण सेनापतीशी ते लढत असतात तो राजपुत्र हाइनेल त्यांचाच सावत्र भाऊ निघतो. बाप एकच, आया दोन, आणि मधे शिंगांची भिंत.

गोष्टीचा शेवट बोआझानवर होतो. गुलाम उठतात, सम्राटाची सत्ता कोसळते. आपण भाऊ आहोत हे हाइनेलला कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो; तो मरतो.

महाभारत ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकांना यात अनोळखी काही वाटणार नाही. जन्माने ठरलेली पायरी, लपवलेला जन्म, समोरासमोर उभे ठाकलेले सख्खे-सावत्र आणि उशिरा कळलेले नाते. नागाहामांनी पुढे १९७९ मध्ये 'रोझ ऑफ व्हर्साय' या फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या मालिकेचे सुरुवातीचे भाग दिग्दर्शित केले, हेही इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सरदार आणि सामान्य यांच्यातली दरी हा विषय त्यांच्या ध्यानात होता. १९८० मध्ये वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मनिलामधली शुक्रवारची संध्याकाळ

फिलिपिन्समध्ये ही मालिका १९७८ मध्ये जीएमए म्हणजे सात नंबरच्या वाहिनीवर आली. संवाद इंग्रजीत केलेले होते. केनिची, दाइजिरो आणि हियोशी हे भाऊ स्टीव्ह, बिग बर्ट आणि लिट्ल जॉन आर्मस्ट्राँग झाले; साथीदारांची नावे मार्क गॉर्डन आणि जेमी रॉबिन्सन; हाइनेलचा झार्डोझ झाला. गाणे मात्र तसेच राहिले. मित्सुको होरिए या तेव्हा वीस वर्षांच्या गायिकेने जपानीत गायलेले ते गाणे फिलिपिनो मुलांनी जसेच्या तसे उचलले.

या साध्या वाटणाऱ्या गोष्टीला इतिहासाची मोठी पार्श्वभूमी आहे. जपानी सैन्याने जानेवारी १९४२ मध्ये मनिला ताब्यात घेतली. फेब्रुवारी-मार्च १९४५ मधल्या मनिलाच्या लढाईत शहर बेचिराख झाले आणि सुमारे एक लाख नागरिक मारले गेले, असे सामान्यपणे मानले जाते. जपानशी मैत्री आणि व्यापाराचा करार १९६० मध्ये झाला, पण फिलिपिन्सच्या सिनेटने त्याला वर्षानुवर्षे मान्यता दिली नाही. १९७३ मध्ये, सिनेट अस्तित्वात नसताना, मार्कोस यांनी स्वतःच्या अधिकारात तो करार संमत केला. त्यानंतर जपानी माल आणि जपानी भांडवल यांना दार मोकळे झाले. म्हणजे ज्या आजी-आजोबांनी जपानी शब्द संगिनीच्या टोकावर ऐकले होते, त्यांची नातवंडे तीस-पस्तीस वर्षांनी घराच्या ओसरीत जपानी गाणे म्हणत होती. शिवाय ज्या हुकूमशहाने ही मालिका बंद केली, ती ज्या वाटेने देशात आली ती वाटही त्यानेच रुंद केली होती. व्होल्टेसप्रेमींच्या कथनात ही दुसरी बाजू सहसा येत नाही.

त्या संध्याकाळीला आणखी एक चौकट होती. २१ सप्टेंबर १९७२ ही तारीख घातलेल्या घोषणेने देशात लष्करी कायदा आला. पहिल्याच दिवसांत वर्तमानपत्रे, रेडिओ केंद्रे आणि वाहिन्या बंद झाल्या. एबीएस-सीबीएन ही सर्वांत मोठी वाहिनी मालकांच्या हातून गेली. पुढे ज्या वाहिन्या चालू राहिल्या त्यांतल्या बहुतेक सरकारच्या किंवा राष्ट्राध्यक्षांच्या निकटवर्तीयांच्या होत्या. बातम्यांमध्ये कोणाला अटक झाली, कोण नाहीसे झाले, हे येत नसे. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या नावे या काळाचे जे आकडे नेहमी दिले जातात, त्यांनुसार सुमारे ७० हजार लोक तुरुंगात गेले, ३४ हजारांचा छळ झाला आणि ३ हजारांहून अधिक मारले गेले. त्या काळात मध्यमवर्गीय घरातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला यातले काही माहीत असण्याचे कारण नव्हते. त्याच्या घरी शुक्रवारी टीव्ही लागायचा आणि पाच यंत्रे जुळायची.

बंदी का आली?

आता मूळ प्रश्न. बंदीची तीन कारणे सांगितली जातात.

पहिले अधिकृत. या मालिकांत हिंसा फार आहे, मुलांवर वाईट परिणाम होतो, पालकांच्या तक्रारी आहेत. दुसरे बाजारातले. सात नंबरच्या वाहिनीने मुलांचा प्रेक्षक इतका खेचला होता की प्रतिस्पर्धी वाहिन्यांना ते सलत होते, आणि त्यांचे हात वरपर्यंत पोहोचलेले होते. तिसरे लोकमानसातले. शेवटची क्रांती.

तिसऱ्या कारणाची छाननी करताना सर्वांत मोठी अडचण आदेशाच्या व्याप्तीची येते. बंदी एकट्या व्होल्टेस फाइव्हवर नव्हती. 'माझिंगर झी'सारख्या मालिकाही तिच्यात सापडल्या. माझिंगरमध्ये गुलामांचा उठाव नाही; एक दुष्ट शास्त्रज्ञ आहे आणि त्याच्याशी लढणारा मुलगा आहे. केवळ क्रांतीची भीती असती तर एक मालिका, किंबहुना तिचे चार-पाच भाग बंद करून काम भागले असते. सगळा प्रकारच बंद करण्यातून 'हिंसा' हे कारण अधिक जुळते.

दुसरी अडचण अशी की गुलामगिरीचा विषय शेवटच्या भागांसाठी राखून ठेवलेला नव्हता. शिंगवाले आणि बिनशिंगी हा भेद मालिकेत बराच आधी येतो. अन्यायी सम्राट दाखवणे धोक्याचे वाटत असते, तर तो धोका कितीतरी शुक्रवार आधीच घरोघरी पोहोचला होता.

याउलट तिसऱ्या कारणाच्या बाजूनेही काही म्हणता येते. जपानमध्ये मालिका मार्च १९७८ मध्येच संपली होती. तिचा शेवट काय आहे हे ऑगस्ट १९७९ मध्ये कोणाला जाणून घ्यायचे असते, तर अशक्य नव्हते. मुलांना हिंसेपासून वाचवायचेच होते, तर वर्षभर थांबून नेमका शेवट तोंडावर असतानाच आदेश का निघावा, हा प्रश्न उरतो. आणि ज्या राजवटीच्या तुरुंगांत छळ चालू होता, तिने कार्टूनमधल्या हिंसेची काळजी वाहावी, हा विरोधाभास मुले मोठी झाल्यावर त्यांच्या नजरेतून सुटणार नव्हता.

माझे मत असे आहे की क्रांतीची भीती हे बंदीचे एकमेव किंवा मुख्य कारण होते, असे उपलब्ध पुराव्यांवरून म्हणता येत नाही. पालकांची काळजी, धंद्यातली चुरस आणि मुलांच्या मनावरही आपलाच ताबा असावा ही हुकूमशाहीची वृत्ती, या तिन्हींचा वाटा असू शकतो. परंतु त्याहून महत्त्वाची बाब निराळी आहे. मोकळ्या समाजात असा निर्णय होतो तेव्हा त्याचा माग राहतो. सभागृहात प्रश्न विचारले जातात, वर्तमानपत्रांत उलटसुलट लिहून येते, कोणी न्यायालयात जाते. १९७९ च्या मनिलामध्ये हे काही शक्य नव्हते. सेन्सॉरने गोष्टीचा शेवट काढून घेतला, आणि तो का काढला हे तपासण्याची साधनेही काढून घेतली. ती रिकामी जागा अफवेने भरली तर तो लोकांचा दोष मानता येत नाही.

तीच काळजी, दुसरा रस्ता

ही गोष्ट नीट कळण्यासाठी त्याच काळातल्या युरोपकडे पाहावे. गो नागाई यांच्या कल्पनेतून उतरलेली 'यूएफओ रोबो ग्रेंडायझर' ही मालिका १९७८ च्या एप्रिलमध्ये इटलीत आणि जुलैमध्ये फ्रान्समध्ये दाखल झाली. फ्रान्समध्ये ती 'गोल्डोराक' झाली. मुले वेडी झाली. 'पारी माच' या नियतकालिकाने जानेवारी १९७९ मध्ये त्या वेडावर मुखपृष्ठ केले. आणि लगोलग मोठ्यांची काळजीही सुरू झाली. मानसशास्त्रज्ञ लिलियान ल्युर्सा यांनी १९८१ मध्ये पाच वर्षांचे मूल गोल्डोराकसोबत एकटे सोडले जाते, या मुद्द्यावर आख्खे पुस्तक लिहिले. इटलीत सिल्व्हेरियो कोर्व्हिसिएरी या खासदाराने जानेवारी १९७९ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून या मालिकेवर टीका केली. १९८० मध्ये इमोला गावच्या सुमारे ६०० पालकांनी अशा कार्यक्रमांविरुद्ध सह्या केल्या.

म्हणजे काळजी तीच होती. जपानी, यंत्रवत, हिंसक, मुलांना बिघडवणारे, हे आक्षेप मनिलात होते तसे पॅरिस आणि इमोलातही होते. फिलिपिनो पालकांच्या तक्रारी खोट्या होत्या असे समजण्याचे म्हणूनच काही कारण नाही. फरक पुढच्या पावलात आहे. फ्रान्स आणि इटलीत भांडण छापले गेले, लांबले, कंटाळवाणे झाले, आणि मालिका चालू राहिल्या. तिथली आजची प्रौढ माणसे गोल्डोराकविषयी हळवेपणाने बोलतात; २०२१ मध्ये काही फ्रेंच चित्रकथाकारांनी त्याची पुढची गोष्ट जाडजूड पुस्तकाच्या रूपात आणली. पण त्या हळवेपणात जखम नाही. मनिलाच्या हळवेपणात ती आहे.

उरलेले भाग

बंदीनंतरची सात वर्षे फिलिपिन्सच्या इतिहासातली धामधुमीची. जानेवारी १९८१ मध्ये लष्करी कायदा कागदोपत्री उठला, सत्ता तीच राहिली. २१ ऑगस्ट १९८३ रोजी विरोधी नेते बेनिग्नो अकिनो परदेशातून परतताच मनिलाच्या विमानतळावर त्यांची हत्या झाली. फेब्रुवारी १९८६ मध्ये एड्सा या हमरस्त्यावर लाखो माणसे चार दिवस उभी राहिली, आणि २५ फेब्रुवारीच्या रात्री मार्कोस कुटुंब देश सोडून गेले.

१९७९ मध्ये आठ ते बारा वर्षांची असलेली मुले तेव्हा पंधरा ते एकोणीस वर्षांची होती. त्यांच्यापैकी काही रस्त्यावर होती यात शंका नाही. यातूनच कथन पूर्ण होते : पडद्यावर जी क्रांती पाहू दिली नाही, ती आम्ही रस्त्यावर केली. आणि सत्ताबदलानंतर मालिका खरोखरच परत आली, राहिलेल्या भागांसकट. पुढे १९९९ मध्ये जीएमएने ती पुन्हा दाखवली तेव्हा नवी लाट उठली. शेवटच्या भागांचे संकलन 'व्होल्टेस फाइव्ह : द लिबरेशन' या नावाने चित्रपटगृहांत लागले. तिशीतली माणसे आपल्या मुलांना घेऊन, वीस वर्षांपूर्वी राहून गेलेला शेवट पाहायला गेली.

हे कथन कितीही मोहक असले तरी तिथे थोडे सावध राहायला हवे. मार्कोसची सत्ता कार्टूनमुळे गेली नाही. कारखान्यांतल्या कामगारांनी, विद्यार्थ्यांनी, शेतकऱ्यांनी, धर्मगुरू आणि जोगिणींनी, तुरुंगात गेलेल्या पत्रकारांनी तिच्याशी वर्षानुवर्षे झुंज दिली होती. त्यांतल्या कित्येकांनी प्राण दिले. पुढे २०१३ मध्ये कायदा होऊन छळाला बळी पडलेल्यांना भरपाई देण्याची व्यवस्था झाली, तेव्हा ११,१०३ जणांचे दावे मान्य झाले. त्या यादीतल्या माणसाच्या मुलाला लष्करी कायदा म्हणजे काय हे कळायला व्होल्टेस फाइव्हची गरज नव्हती. त्याचा बाप घरी नव्हता.

मग त्या मालिकेच्या आठवणीचे मोल काय? मला वाटते, ते नेमके इतर घरांमध्ये आहे. ज्या घरात कोणाला अटक झाली नाही, बाप रोज कामावर जाऊन परत येत होता, शाळा चालू होती, त्या घरातल्या मुलाच्या आयुष्यात हुकूमशाही एकदाच शिरली, एका शुक्रवारी, नेहमीच्या वेळेला, भलताच कार्यक्रम लागला तेव्हा. आईला विचारले तर तिला नीट उत्तर देता आले नसेल. राष्ट्राध्यक्षांनी बंद केले, एवढेच. दूर कुठेतरी बसलेला एक माणूस आपल्या घरातली गोष्ट मधेच थांबवू शकतो आणि त्याला कोणी जाब विचारू शकत नाही, हा राज्यशास्त्राचा धडा त्या मुलाला अशा रीतीने मिळाला. धडा लहान होता, पण खरा होता. मोठेपणी बाकीचे कळत गेले तेव्हा त्याला टांगायला एक खुंटी तयार होती.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारे उदाहरण शोधू लागलो तर १९९३ पासून दूरदर्शनवर रविवारी लागणारे 'जंगल बुक' आठवते. निप्पॉन ॲनिमेशनची ती मालिका १९८९ सालची. गुलजारांचे गाणे आणि विशाल भारद्वाजांचे संगीत यांमुळे ती जपानी आहे हे आमच्या पिढीतल्या बहुतेकांना कितीतरी वर्षे ठाऊकच नव्हते. शेरखानला तर नाना पाटेकरांचा आवाज होता. आजही ते गाणे कानावर पडले की चाळिशी-पन्नाशीतली माणसे एकदम गप्प होतात. पण आम्हाला शेवट पाहायला मिळाला. मोगलीची गोष्ट कोणी अडवली नाही. म्हणून आमच्या आठवणीत गोडवा आहे आणि प्रश्न नाही. फिलिपिनो माणसाच्या आठवणीत गोडवा आणि प्रश्न एकमेकांना चिकटून आहेत, आणि ती इतकी टिकण्याचे कारणही, माझ्या मते, हेच आहे. पूर्ण झालेली गोष्ट मन बाजूला ठेवू शकते. अर्धी राहिलेली गोष्ट सारखी हात धरते.

२०२३

या कहाणीचा सर्वांत अलीकडचा अंक कुठल्याही कादंबरीकाराला सुचला नसता.

जीएमएने व्होल्टेस फाइव्हची फिलिपिनो आवृत्ती करायचे ठरवले. खरे नट, संगणकावर तयार केलेली यंत्रे आणि तोएईची रीतसर परवानगी. २०२० च्या जानेवारीत घोषणा झाली. करोनाची वर्षे मधे गेली. दिग्दर्शक मार्क रेयेस यांची 'व्होल्टेस फाइव्ह : लेगसी' अखेर ८ मे २०२३ रोजी सुरू झाली आणि ८ सप्टेंबरला संपली. चाळीस भागांच्या मूळ मालिकेचे नव्वद भाग झाले. स्टीव्हच्या भूमिकेत मिगेल तानफेलिक्स होता. संवाद आता फिलिपिनो भाषेत होते. गाणे मात्र ज्युली ॲन सान होसे या फिलिपिनो गायिकेने मूळ जपानीतच गायले. कुठल्याही भाषांतरापेक्षा लहानपणी न कळलेले शब्दच प्रेक्षकांना हवे होते.

या वेळी शेवट दाखवला गेला. गुलाम उठले, सम्राट पडला, कोणी आदेश काढला नाही. पण तो पाहिला जात असताना देशाच्या राष्ट्राध्यक्षपदी फर्डिनांड मार्कोस ज्युनियर होते. ३० जून २०२२ रोजी त्यांनी शपथ घेतली होती. निवडणुकीत त्यांना तीन कोटी दहा लाखांहून अधिक मते मिळाली, एकूण मतांच्या अठ्ठावन्न टक्क्यांच्या वर. वडिलांचा काळ हा सुवर्णकाळ होता, असा प्रचार त्याआधी कित्येक वर्षे चालला होता. मतदारांपैकी मोठा भाग १९८६ नंतर जन्मलेला. त्यांना ना लष्करी कायदा आठवत होता, ना तो रिकामा शुक्रवार.

आणि 'व्होल्टेस फाइव्हच्या पिढी'ने तरी मते कुणाला दिली? सगळ्यांनी एकाच बाजूला दिली असतील असे मानायला काही आधार नाही. बालपणाची ओढ ही दुधारी असते. 'आमच्या लहानपणी शुक्रवारी संध्याकाळी किती मजा यायची' या वाक्यातून 'तो काळच चांगला होता' या वाक्याकडे जायला फार चालावे लागत नाही. मालिकेचे प्रेम आणि मालिका बंद करणाऱ्याच्या काळाची ओढ ही दोन्ही एकाच मनात राहू शकतात. तीच मालिका एकाला हुकूमशाहीची आठवण करून देते, दुसऱ्याला नुसत्या ओसरीची आणि मित्रांची.

म्हणूनच बंदीच्या कारणाचा प्रश्न इतक्या बारकाईने तपासावा लागतो. 'क्रांतीला घाबरून बंद केली' ही दंतकथा भावनेला पुरते, पण तिच्या विरुद्ध कोणी आदेशाची व्याप्ती पुढे केली की ती डळमळते, आणि तिच्याबरोबर बाकीचे खरेही खोटे ठरवायला विरोधकाला सोपे जाते. उलट जे पक्के आहे ते साधे आहे आणि पुरेसे आहे. एका माणसाने एका सहीने लाखो मुलांची गोष्ट थांबवली. ती का थांबवली, हे त्याला कोणाला सांगावे लागले नाही. कोणी विचारू शकले नाही. सुवर्णकाळाच्या गोष्टी सांगणाऱ्यासमोर ही तारीख ठेवता येते : २७ ऑगस्ट १९७९. तिच्यात कुठलीही अतिशयोक्ती नाही, आणि ती त्या वयाच्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरात घडली आहे.

बोआझानच्या गोष्टीत शिंगे असलेल्यांना आपण श्रेष्ठ का, हे कधी सिद्ध करावे लागत नाही. शिंगे आहेत एवढेच पुरते. मुलांना हे तेव्हा कळत होते का? अर्थाच्या पातळीवर बहुधा नाही. पण शिंगे नसलेल्याने खोटी शिंगे लावून जगावे लागणे किती लाजिरवाणे आणि भीतीचे असते, हे आठ वर्षांच्या मुलालाही समजते. खेळणी विकण्यासाठी निघालेल्या एका मालिकेत बाहुल्यांच्या रंगभूमीवरून आलेल्या दिग्दर्शकाने एवढे पेरून ठेवले होते. पुढचे काम, नकळत, मनिलाच्या एका आदेशाने केले.

आज पन्नाशीतली ती माणसे शेवट पाहून झालेली आहेत. १९८६ नंतर पाहिला, १९९९ मध्ये चित्रपटगृहात पाहिला, २०२३ मध्ये नातेवाइकांसोबत पाहिला. तरी त्यांना विचारले की मालिका कधी संपली, तर ती त्यांतले एकही वर्ष सांगत नाहीत. एकोणऐंशी साल सांगतात.